प्रभुभोजन सोडून उठणाऱ्या मावशी

चर्चच्या कपाटाची चावी त्या रविवारी माझ्याच खिशात होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मावशींबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं ढोंग.

मावशी नवीन पनवेलात घरी ब्लाउज शिवायच्या. मंडळीत त्यांना सगळे ‘आलेच मावशी’ म्हणत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रांगेत असताना कुणाला दुखावल्याचं आठवलं, की पाळकांना तिथूनच सांगायच्या, “आलेच मी,” आणि थेट फाटकाबाहेर. “आधी माणसाशी मिटव, मग माझ्याकडे ये, असं प्रभूने सांगितलंय. सवडीने मिटव, असं नाही सांगितलं.”

एकदा अशाच मासळी बाजारात गेल्या. आदल्या दिवशी उरणच्या कोळणीला गिऱ्हाइकांदेखत ‘शिळे बोंबील विकतेस’ म्हणाल्या होत्या. ती हसतच सुटली. “बाय, आमी तं कवाच इसरलो! जा आता, तुमचा देव वाट बगत आसंल.” मावशी परतल्या त्या पिशवीभर बोंबील घेऊनच. पाळकांनी नाक मुरडलं. मावशी म्हणाल्या, “प्रभूचा शिष्य पेत्र कोळीच होता ना? त्याच्या अंगाला काय अत्तराचा वास यायचा?”

प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर त्याच धुवायच्या. म्हणून कपाटाची एकुलती चावी कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे. मी मंडळीचा सेक्रेटरी. त्या रविवारी घाईत मी कपाट उघडं टाकलं आणि आतला चांदीचा पेला चोरीला गेला. पंचांच्या बैठकीत मी सांगून टाकलं, “चावी मावशींकडे दिली होती.” त्यांची मुलगी ताडकन उठली. “माझी आई चोर आहे का?” कुणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. आपल्या घरच्या आजारपणात ज्यांनी मावशींना प्रार्थनेला बोलावून नेलं होतं, ती माणसं पंख्याकडे बघत बसली. अजून चीड येते मला त्यांची. मग आठवतं, मावशींचं काम काढून घेण्याचा ठराव माझ्याच अक्षरात आहे.

सहा महिन्यांनी मावशी प्रभुभोजनाच्या रांगेतून पुन्हा निघाल्या. या वेळी बाहेर गेल्या नाहीत. माझ्या बाकापाशी येऊन थांबल्या.

“भाऊ, फार राग धरला मी तुमच्यावर. माफ करा.”

सगळे बघत होते. मी म्हणालो, “केलं, मावशी.”

केलं! मी! आणि उपासनेनंतर पाळकांनी माझी पाठ थोपटली.

कधी कधी मावशींचाच राग येतो. एकदा तरी ओरडायचं होतंत. सगळ्यांदेखत खोटारडा म्हणायचं होतंत. मी तेव्हाच सुटलो असतो.

यंदा मावशी गेल्या. त्याच पंचांनी त्यांच्या निष्ठेवर भाषणं केली आणि मी मान खाली घालून ऐकली. मुलगी आत आली नाही. आईची शेवटची उपासना होईपर्यंत फाटकाबाहेर उभी होती. त्या बैठकीनंतर तिने चर्चची पायरी चढलेली नाही.

ती विचुंब्याला राहते, रिक्षाने पंधरा मिनिटांवर. तिच्या दारात उभं राहून, मी खोटं बोललो होतो, हे तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून गेलेलो नाही.