राजाच्या मांडीवरचा खण

मंगळवारी आम्ही तिघी लोणाडच्या डोंगरावर, लेण्यातल्या देवीला जाऊन आलो. आणि मी, म्हणजे अख्ख्या कल्याणात जिच्या तोंडाला कुलूप नाही ती द्वारका, पायथ्यापासून वरपर्यंत एक शब्द बोलले नाही! आमच्या घरी तर अजून कोणाला पटलेलं नाही... म्हणून लिहूनच कळवते सगळ्या मैत्रिणींना. एकीने वाचलं की दुसरीकडे द्या.

त्याचं असं झालं. आमच्या लेकीची, गोदीची, पहिली दोन बाळं जन्मताच गेली. तिसऱ्या खेपेला मी देवीला बोलले, एवढं जगू दे, तुझा डोंगर मुक्याने चढेन आणि ओटी भरेन. सोपा नवस देवी मनावर घेत नाही म्हणतात... मला जे सगळ्यांत जड, तेच कबूल केलं.

पोर जगली. पाच महिन्यांची आहे, गुटगुटीत, नाक मात्र जावयांचं. दृष्ट लागू नये म्हणून हाक मारायला नाव ठेवलं धोंडी. खरं नाव गोदीने माझ्या कानात सांगितलं होतं आणि ठरलं होतं की नवस फिटल्यावर ते पहिल्यांदा मीच मोठ्याने घ्यायचं.

मध्येच जावयांचं पत्र आलं. ते भुसावळला आगगाडीच्या कामावर असतात. गुरुवारी दोघींना न्यायला येतो म्हणाले. म्हणजे हाती एकच मंगळवार! नात धोंडी म्हणूनच परगावी जाणार की काय!

शेजारच्या भिमाबाई लगेच तयार झाल्या. कोपरीची यमुना, माझी लहानपणची मैत्रीण, आदल्या दिवशीच ठाण्याहून आली. सकाळी होडीने खाडी ओलांडली, पलीकडच्या कोन गावात बैलगाडी केली. यमुनेने भाकरी आणि लसणीची चटणी आणली होती... चटणीत गूळ! चटणीत गूळ कोण घालतं? असो.

लोणाडला जुनं पडकं शिवाचं देऊळ आहे. जवळच एक उभा दगड, वर सूर्य-चंद्र आणि खाली अक्षरं. मी लेकाकडच्या नातवाच्या पाटीवर नुकती लिहायवाचायला शिकलेली, तेव्हा मोठ्या ऐटीत वाचायला बसले. एक अक्षर लागेल तर शपथ!

यमुना म्हणाली, "अगं, फार जुनं आहे ते. तुझ्यासारखीच कोणी बडबडी असेल, दगडालासुद्धा सोडलं नाही तिने."

डोंगराच्या पायथ्याशी मी तोंड मिटलं. भिमाबाई याचीच वाट बघत होत्या. चढता चढता म्हणतात कशा, "द्वारकाबाई, तुमची पुरणपोळी तव्यावर फाटते, बरं का. बरेच दिवस सांगायचं होतं." मी नुसती डोळे वटारतेय... गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा गार, खाली शेतं पसरलेली. एवढं सगळं बघायचं आणि 'अगंबाई' सुद्धा म्हणायचं नाही!

उन्हातून लेण्यात शिरलो तर काही दिसेना. भिंतीवर कोरलेली मोठी बसलेली मूर्ती, अंगभर दागिने, बाजूला चवऱ्या ढाळणारे. "हीच देवी. भरा ओटी," भिमाबाईंनी सांगून टाकलं. त्यांना दिसतं कमी, पण ठाऊक सगळं असतं.

मी मूर्तीच्या मांडीवर तांदूळ घातले, नारळ टेकवला, खण ठेवला. कुंकू लावायला जवळ गेले... आणि बघते तर अंगात चोळीच नाही. छाती पुरुषाची!

मी हात हलवले, खुणा केल्या. भिमाबाई म्हणाल्या, "हो हो, हार सुरेख आहे." आता बोलले तर नवस मोडतो, गप्प बसले तर ओटी पुरुषाला जाते. खण एकच, नारळ एकच, आणि गुरुवार दोन दिवसांवर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

तेवढ्यात गवताचा भारा बाहेर टाकून एक गावची बाई आत आली. बघून कंबरेवर हात ठेवून उभीच! "आगं बाय! राजाला चोलीचा खण? देवी आतमधी हाय गो!"

यमुना हसत खालीच बसली. मीही खळखळून हसले... आणि गारच पडले. हसणं म्हणजे बोलणंच की!

"मोडला नवस," भिमाबाई म्हणाल्या.

"हसनं म्हंजे बोलनं नाय," ती बाई म्हणाली. "देवी काय बहिरी हाय? तिला कलत नाय?"

"पण ठेवलेली ओटी उचलायची कशी?" यमुनेने विचारलं.

"राजाला खण काय करायचाय? त्यो देवीलाच देनार." तिने ते सगळं राजाच्या मांडीवरून उचलून माझ्या पदरात घातलं, आणि माझं मनगट धरून आत देवीपुढे नेलं.

ओटी भरली. देवीला काय काय सांगायचं ते मी वाटेत मनात जुळवून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. पण तोंड उघडलं आणि एकच शब्द बाहेर आला... "वेणू."

निघताना राजापुढे एक सुपारी ठेवली. बिचाऱ्याला उगीच आशा लावली ना! त्या बाईने काही घेतलं नाही, आमच्याबरोबर भाकरी तेवढी खाल्ली, आणि गुळाची चटणी दोनदा मागून घेतली. यमुनेचा चेहरा बघण्यासारखा होता. उतरताना मी भिमाबाईंना पुरणपोळीचं उत्तर दिलं, ते थेट खाडीपर्यंत पुरलं.

गुरुवारी स्टेशनात गाडी हलली तेव्हा मी खिडकीकडे बघून हाक मारली, "वेणू!" तिने बघितलं नाही. आपलं नाव वेणू आहे हे तिला अजून कुठे ठाऊक... पण मला आता ते कितीही वेळा घेता येतं.