पंखा बंद पडला तेव्हा तारा कोसळत होता

पंख्याचा आवाज थांबला तेव्हा मी ताऱ्याच्या पोटात लोखंड तयार करत होते.

आधी माझं काम सांगते, नाहीतर हे वाक्य वाचून कोणीतरी माझ्यासाठी डॉक्टर शोधायला लागेल. मी फिरतं तारांगण चालवते. अकोल्याच्या कॉलेजात बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं, रिटायर झाले, आणि घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा हे बरं म्हणून अमरावतीच्या एका संस्थेत लागले. आमचं तारांगण म्हणजे जाड काळ्या कापडाचा घुमट. त्याला खांब नाही, दोर नाही. एक मोठा पंखा, आम्ही त्याला ब्लोअर म्हणतो, नळीतून आत सतत हवा भरतो आणि त्या हवेच्या जोरावर घुमट उभा राहतो. मधोमध प्रोजेक्टर असतो. पोरं सतरंजीवर उताणी पडतात आणि वर आकाश दिसतं.

प्रोजेक्टर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालतात, कारण आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ब्लोअर मात्र थेट शाळेच्या बोर्डावर लावावा लागतो, त्याचा लोड बॅटरीला झेपत नाही. लाइट गेली तरी घुमट धाडकन पडत नाही. हळूहळू बसतो. तेवढ्यात सगळ्यांनी बाहेर यायचं. त्यासाठी गजूभाऊ ब्लोअरजवळ खुर्ची टाकून बसतात. गजूभाऊ आमचे ड्रायव्हर. गाडी चालवतात, घुमट उभारतात, आणि ब्लोअर थांबला की शिट्टी वाजवतात. त्यांना नियम एकच: शो संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

त्या दिवशी आम्ही नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका शाळेत होतो. शिक्षण विभागाच्या मोठ्या मॅडम शो बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर तालुक्यातल्या सगळ्या शाळांत घुमट जाणार होता. नाही पटलं तर काय, ते संस्थेचे सचिव इंगोले सर यांनी सकाळीच फोनवर सांगितलं.

"मॅडम, आज नीट होऊ द्या. एक तक्रार आली तं घुमट गोडाऊनमध्ये."

"आणि मी?"

"तुमी घरी. मी बी घरी."

शाळेचे हेडमास्तर वानखडे सर. माणूस सोन्यासारखा, पण सत्काराचा भारी शौक. पोस्टमन टपाल घेऊन आला तरी शाल काढतील. म्हणून मी आधीच बजावलं होतं की शो पहिला, सत्कार नंतर.

"हाव मॅडम, आधी तुमचं, मंग आमचं," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

सातवी-आठवीची चाळीसेक पोरं आत घेतली, दाराची चेन लावली आणि ताऱ्याची जीवनकथा सुरू केली. ती तशी सोपी आहे. ताऱ्याचं स्वतःचं वजन त्याला सारखं आत दाबत असतं. पोटातली आग त्याला बाहेर ढकलत असते. दोन्ही जोर सारखे, तोवर तारा मजेत. ही आग हलक्या पदार्थांपासून जड पदार्थ बनवत जाते, आणि खूप मोठ्या ताऱ्यात शेवटी लोखंड तयार होतं. लोखंड जाळून काही मिळत नाही. चुलीत दगड घातल्यासारखं. आग संपते, वजन जिंकतं आणि तारा स्वतःवरच कोसळतो. मग त्याचा स्फोट होतो आणि पोटात शिजलेला सगळा माल आकाशभर उधळतो. त्यातूनच पुढचे तारे होतात, पृथ्वी होते, आपण होतो. रक्तातलं लोखंड आणि हाडातलं कॅल्शियम असंच कुठल्या कुठल्या ताऱ्यांतून आलेलं आहे.

"आता आतली आग संपली," एवढं मी म्हणाले आणि ब्लोअर थांबला.

तो आवाज चालू असताना कोणाच्या लक्षातही येत नाही. फ्रिज बंद पडला की कळतं ना, हा इतका वेळ घुरघुरत होता, तसं. मला वाटलं, लाइट गेली. आता गजूभाऊ शिट्टी वाजवतील. शिट्टी काही वाजली नाही. उलट बाहेरून खणखणीत आवाज आला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

म्हणजे लाइट होती. ब्लोअरचा प्लग कोणीतरी काढला होता. 

बॅटरीमुळे वरचं चित्र मात्र चालूच होतं. लालभडक तारा फुगला होता आणि कापडासोबत खाली खाली येत होता.

"मॅडम, तारा जवळ यून राहिला," एक मुलगी म्हणाली. ही श्रावणी, आठवीतली, वर्गात सगळ्यांत उंच.

"तारा नाही वं, कापड खाली यून राहिलं," मागून एक पोरगा ओरडला.

सगळे उठून बसले. मला कापडाची भीती नव्हती. भीती होती ती चाळीस पोरांची. अंधार, खाली प्रोजेक्टरच्या वायरी आणि दार एकच, तेही जेमतेम एका माणसाचं. एकाने किंकाळी फोडली असती तर पोरं एकमेकांना तुडवत सुटली असती. मी "पळा" म्हटलं असतं तर संपलंच होतं.

मी घसा साफ केला आणि कॉलेजात शेवटच्या बाकावरची झोप मोडायला वापरायचे तो आवाज काढला.

"बरोबर पाहिलंत. हेच दाखवायचं होतं."

चक्क थाप. पण पोरं गप्प झाली.

"आपला घुमट म्हणजे तारा. आतून हवा ढकलत होती म्हणून उभा होता. आता ढकलणं बंद झालं. मग कोण जिंकणार?"

"वजन!"

"शाब्बास."

"मंग आता हा फुटन का?"

"घुमट नाही, आपण फुटायचं. पण शिस्तीत. आठवीतले उंच तेवढे उभे राहा, हात वर करा, कापड तोलून धरा."

हे आधी करणं भाग होतं. दाराची चेन उघडली की उरलीसुरली हवा भसकन निघून जाते आणि घुमट दुप्पट वेगाने बसतो. श्रावणी आणि आणखी काही जण हात वर करून उभे राहिले. कापड त्यांच्या तळव्यांवर येऊन टेकलं. मग मी चेन ओढली.

"ताऱ्याचा बाहेरचा थर आधी उडतो. दाराजवळचे म्हणजे बाहेरचा थर. रांगत निघायचं, एकामागे एक. जो पळेल त्याला पुन्हा सुरुवातीपासून तारा व्हावं लागेल."

पोरं निघाली. हसत, ढुशा देत, पण रांगेत. मी मोबाइलचा टॉर्च वायरींवर धरून बसले होते. तोवर मधलं कापड प्रोजेक्टरवर आलं आणि तारा विझला. शेवटी हात वर केलेले उंच खांब उरले आणि मी. तेवढ्यातही श्रावणीला शंका आलीच.

"मॅडम, समदे बाहेर उडाले की आतमधी काय उरते?"

"तारा फार मोठा असला तर कृष्णविवर. त्यातून उजेडसुद्धा बाहेर पडत नाही."

"मंग चाला ना जी लवकर!"

आम्ही बाहेर पडलो. बाहेरचं ऊन इतकं गोड मला कधी लागलं नव्हतं. वर्गाच्या बाईंनी जागीच हजेरी घेतली. सगळे होते. कोणाला खरचटलंही नव्हतं. मग मी सरळ मातीतच बसले. देवाचं नाव मी सहसा घेत नाही, त्या दिवशी घेतलं.

मग बसल्या बसल्या समोर पाहिलं. मोठ्या मॅडम वेळेआधी आल्या होत्या. असं आमच्याकडे ग्रहणापेक्षाही क्वचित घडतं. त्यांना पुढे अकोल्याला मीटिंग होती, म्हणून वानखडे सरांनी सत्कार उरकायला घेतला होता. मी आत, तर माझ्या वतीने शाल-नारळ घ्यायला कोण? गजूभाऊ! त्यांना स्टेजवर बोलावलं होतं. ब्लोअर चालू ठेवूनच ते उठले होते. त्यांची पाठ फिरल्यावर माइकला बोर्डावर जागा हवी म्हणून वानखडे सरांनी ब्लोअरचा प्लग काढला.

एका खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभ्या गजूभाऊंना लोकांच्या डोक्यांवरून चपटा झालेला घुमट दिसला. त्यांनी स्टेजवरून उडी टाकली, शाल तिथेच पडली, आणि धावत येऊन त्यांनी माइकचा प्लग उपटून ब्लोअरचा लावला. वानखडे सरांचं भाषण "या भाग्याच्या क्ष" इथे तुटलं. ब्लोअर गरजला. घुमट पुन्हा फुगायला लागला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

वानखडे सर घामाघूम होऊन आले. "मॅडम, मले वाटलं, आत पोराईले गरमी होऊ नये म्हनून पंखा लावला असंन. दोन मिनिटं बंद ठेवला तं काय होते? वर्गातले तं वर्षभर बंदच असतात."

मी कपाळावर हात मारला.

मोठ्या मॅडम आल्या तेव्हा मला समोर गोडाऊन दिसत होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, श्रावणीला विचारलं.

"आत काय झालं गं?"

"तारा कोसळला, मॅडम. मंग आमी फुटलो."

"आणि मग?"

"मंग आमी इकडेतिकडे पसरलो. आता आमच्यापासून नवीन तारे बनतीन."

मॅडम हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे मुद्दाम केलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "ब्लोअरचा प्लग निघाला होता. पोरं घाबरू नयेत म्हणून मी थाप मारली."

"बरं झालं, खरं सांगितलंत. वानखडे सर आत्ताच मला सांगत होते की हा प्रयोगच होता." त्यांनी चप्पल काढली. "पुन्हा दाखवा. मी आत बसते."

अकोल्याची मीटिंग राहिली. प्लगवर चिकटपट्टी लागली, गजूभाऊ खुर्चीला खिळले, आणि अख्खा शो पुन्हा झाला. या वेळी मघाच्या ओरडणाऱ्या पोराने विचारलं, कृष्णविवर समदंच गिळते का? मी म्हटलं, मळणीचा थ्रेशर पाहिलास ना? सोयाबीन आत टाकलं की किती उधळतं बाहेर? दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मेळा. तिच्या मधोमध राक्षसी कृष्णविवर असतं. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू तापतो आणि त्यातला बराचसा आत न पडता जोराने बाहेर फेकला जातो. तो झोत भोवतालचा वायूही हाकलतो. वायू गेला की तिथे नवे तारे होत नाहीत. म्हणजे कुठे किती तारे जन्मतील, यातही त्या काळ्या बकासुराचा हात असतो. अंधारात मॅडम "अच्छा" म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. परवानगी त्यांनी जाता जाता तोंडीच दिली, कागद नंतर आला.

परतीच्या वाटेवर गजूभाऊ गाडी चालवत होते. मी चांगली खरमरीत बोलणी जमवून ठेवली होती. अमरावती जवळ आल्यावर तेच आधी बोलले.

"चुकलं माह्यं, मॅडम. पन आजवर कोनी माइकवर माह्यं नाव घेतलं नोतं."

जमवलेली सगळी बोलणी मी गिळली. नारळ त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला होता. तो घरी नेऊन बायकोला द्या, एवढंच मी म्हणाले.

तेव्हापासून प्रत्येक शाळेत मी एक नियम आधी सांगते. ज्याच्या जोरावर घुमट उभा असतो, त्याला स्टेजवर बोलवायचं नाही, स्टेजनेच त्याच्याकडे जायचं. मागे मोर्शीला हेडमास्तर, सरपंच आणि पाहुणे अशी सगळी वरात ब्लोअरपर्यंत चालत आली. गजूभाऊंनी शाल बसूनच घेतली, एक हात प्लगवर ठेवून.