म्हसोबाच्या वळणावर

देवळासमोरून हात न जोडता पुढे जाणे मला कधी जमलेच नाही. सायकलवर जमले नाही, एसटीत दांडीला धरून उभे असताना जमले नाही आणि चाळिशी उलटल्यावर मोटारसायकल घेतली तेव्हाही जमले नाही. रस्त्याकडेला शेंदराचा ठिपका दिसला की माझी मान आपोआप तिकडे वळायची आणि उजवा हात कपाळाला, मग छातीला लागायचा. डाव्या हाताने देवाला नमस्कार करायचा नसतो, हे लहानपणापासून इतके पक्के बसलेले की ॲक्सिलेटरही उजव्याच मुठीत आहे याचा विसर पडे. आमच्याकडे, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जत भागात, त्याने काही बिघडत नव्हते. तिकडचे रस्ते सरळसोट. वळण आले तर ते कुणाच्या तरी बांधाला मान देण्यापुरते. हात सोडला तरी गाडी आपली नाकासमोर चालत राहते.

माझे औषधांचे दुकान आहे. आठवडाभर लोकांची दुखणी ऐकून कंटाळलेला माणूस रविवारी कुठेतरी पळायला बघतो, तसा मी मिरजेच्या एका बाइकवाल्यांच्या ग्रुपात शिरलो. ग्रुपचे म्होरके फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे सातारा तालुक्यातले. आम्ही त्यांना सुभेदारच म्हणतो. डोंगरातल्या रस्त्यांवर नव्या पोरांना गाड्या शिकवण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांचे नियम थोडे पण कडक. एकामागे एक चालायचे, ओव्हरटेक करायचा नाही, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक धरायचा नाही आणि नजर वळण जिथे संपते तिथे ठेवायची. "गाडी डोळ्यांच्या मागनं जाती," ते म्हणायचे, "खड्ड्याकडं बघितलं की खड्ड्यात, दरीकडं बघितलं की दरीत." मला हे पटले होते. मानेला कोण पटवणार?

व्हायचे ते दुसऱ्याच राइडला झाले. एका लहानशा घाटात वळणावर मारुतीचे देऊळ होते. मान तिकडे, हात कपाळाला, ॲक्सिलेटर सुटलेला, आणि आडवी कललेली गाडी उभी राहून थेट देवळाच्या दिशेने निघाली. घाणेरीच्या झुडपाने आम्हाला झेलले. आम्हाला म्हणजे मला आणि मागे बसलेल्या आमच्या हिला. तिचा गुडघा सोलवटला. सुभेदारांनी गाडी बाहेर काढायला हात लावला आणि मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, की घरातून निघताना पोटभर हात जोडा, घाटाच्या पायथ्याला थांबून जोडा, पण वळणात दोन्ही हात हँडलवर पाहिजेत. तुम्ही एकटे असता तर मी बोललोही नसतो, पण मागे वहिनी आहेत.

मला त्यांचा राग आला. आम्ही धनगर. आजोबांच्या काळापर्यंत बिरोबाचा भंडारा कपाळाला लावल्याशिवाय आमची मेंढरे चरायला निघत नसत, आणि हा माणूस मला देवाकडे बघू नका सांगतो! पण रात्री हिच्या गुडघ्याला मलम लावताना राग ओसरला आणि भीती उरली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड तर दोघांना घेऊनच जाणार असे दिसत होते. तिला म्हटले, आता तू घरी थांबत जा. ती ऐकणारी नव्हेच. "तुमी एकटं असला की कसंबी चालवता," ती म्हणाली. "मी मागं असले की जपता. म्हणून मी येणार." सरळ रस्त्यावर गाडी हाणताना मला नुसते तिचे शब्द आठवायचे आणि मूठ सैल पडायची.

श्रावणात ग्रुप वाईवरून वर घाटात जायला निघाला. कृष्णेच्या घाटावर आम्ही सगळे थांबलो, मी हात जोडले, हिनेही जोडले. निघताना सुभेदार माझ्या गाडीजवळ आले आणि अगदी चांगल्या मनाने त्यांनी सांगून ठेवले, की अर्ध्या घाटात उजवे वळण आहे, त्याच्या बाहेरच्या अंगाला, डावीकडे दरीच्या तोंडावर म्हसोबाची घुमटी आहे. येणारा-जाणारा नमस्कार करतो, तुम्ही करू नका. त्यांनी सांगितले नसते तर बरे झाले असते. म्हसोबा कडक देव. त्याच्या पुढून हात न जोडता गेलो तर तो सोडेल का, आणि जोडले तर वळण सोडेल का, या दोन भीतींच्या मध्ये मी पहिला गिअर टाकला. मनात म्हटले, बाबा, तूच सांग आता.

थोडे वर गेलो आणि धुके आले. आले म्हणजे चालत आले, आडवे, रस्ता ओलांडून. पुढच्या गाडीचा लाल दिवा काही वेळ दिसत होता, मग तोही विझल्यासारखा गेला. हेडलाइटने उजेड पडायच्या ऐवजी समोर पांढरी भिंतच उभी केली. पाऊस नव्हता, तरी झाडे टपटपत होती. सर्वांत विचित्र होता तो आवाज. पुढे गेलेल्यांच्या गाड्या मला मागून ऐकू येत होत्या, आणि मागे तर कुणीच नव्हते, रांगेत आम्ही शेवटचे होतो. थांबावे तर मागून एखादा ट्रक येऊन चिरडेल, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये रस्त्याच्या मधल्या पट्ट्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा धरून मी चाललो होतो. मागे बसलेली ही वळणात नेहमी खुंटासारखी ताठ बसते, गाडी एकीकडे कलली की ही दुसरीकडे. तिचा दोष नाही, पडायचे भय असले की सगळेच तसे बसतात.

मग डावीकडे धुक्यात तांबूस काहीतरी दिसले. दिवा असेल, शेंदूर असेल. रस्ता उजवीकडे वळायला लागला होता. माझी मान डावीकडे वळायला लागली, उजव्या हाताची बोटे हँडलवरून सुटायला लागली, हे सगळे मला कळत होते आणि थांबवता येत नव्हते. तेवढ्यात घंटा वाजली. एकच टोला, पण लांब. आणि तो डावीकडून नाही, उजवीकडून आला, डोंगराच्या कड्यातून, अगदी कानाशी. घंटेकडे वळायची मानेला जन्माची सवय. ती गर्रकन उजवीकडे वळली, आणि बोटे आपोआप परत मुठीवर आवळली. नजरेच्या मागून गाडी निघाली. त्याच क्षणी गाडी जड झाली. मागे पोते टाकावे तशी खाली बसली आणि सगळा भार माझ्याबरोबर उजवीकडे कलला. इतके सुरेख वळण मी आयुष्यात घेतले नव्हते. बाहेर पडेपर्यंत घंटेचा नाद कानात होता. मग कुणी हात ठेवावा तसा तो बंद झाला.

वर पठारावर चहाच्या टपरीपाशी ग्रुप आमची वाट बघत थांबला होता. मी खुशीत होतो. हिला म्हटले, आज छान कललीस, असेच बसत जा. तिने हेल्मेट काढायला फार वेळ लावला. चेहरा पांढरा पडला होता.

"मी न्हाई कलले," ती म्हणाली. "माझ्या मागं कोण तरी बसलं हुतं. त्यानं मला तुमच्या पाठीला दाबलं, आन् मग आमी एकदमच कललो."

तू मागे बघितलेस का, मी विचारले. ती नाही म्हणाली. बघू नये असे वाटले, एवढेच. आमच्या गाडीला मागे कॅरिअर नाही, टेकायला काही नाही. मग मी घंटेचे विचारले. तिने घंटा ऐकली होती, आणि तीही उजवीकडूनच. आम्ही दोघांनी चहा तसाच ठेवला.

दुपारी धुके फाटले आणि आम्ही उतरायला लागलो. त्या वळणावर ओळीने दगड मांडलेले होते आणि त्यांच्यात हिरवी फांदी खोचलेली होती. जवळच्या वाडीतली एक बाई अजून दगड आणून ठेवत होती. म्हसोबाची घुमटी आपल्या खडकावर होती तशीच होती, पण तिच्या आणि डांबराच्या मधली जमीन नव्हती. कठडा, कडेची माती, सकाळी आम्ही चढलो त्या बाजूच्या रस्त्याचा मोठा तुकडा, सगळे दरीत गेलेले. कधी ढासळले ते कुणालाच माहीत नव्हते. पुढे गेलेल्यांना धुक्यात काही दिसले नव्हते. घंटा जिकडून आली होती तिकडे मी बघितले. तिथे सरळ उभा काळा कडा होता, पाणी निथळत असलेला. मी त्या बाईला विचारले, घुमटीची घंटा कुठे आहे.

"घंटा?" ती म्हणाली. "हितं कवाच न्हवती. म्हसोबाला कुठली आलीया घंटा?"

सुभेदारांचे म्हणणे, धुक्यात आवाज फिरतो, खालच्या कुठल्या तरी देवळातली असेल. आणि वहिनी घाबरल्या होत्या. असेलही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, अजूनही घालत नाही. गाडी स्टँडवर लावली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि त्या मोकळ्या दरीपलीकडल्या देवाला दोन्ही हात जोडले. ही माझ्या शेजारी उभी होती, जिवंत, आणि मला रडू आले. लोकांसमोर आले याची लाजही वाटली नाही. इतकी वर्षे मला वाटायचे, आपण देवाकडे बघितले पाहिजे, नाहीतर तो रागावेल. त्या दिवशी कळले की त्याचे आपल्याकडे लक्ष असते, ते आपल्या बघण्या-न बघण्यावर अवलंबून नसते. आपल्या हातात जे दिले आहे ते दोन्ही हातांनी नीट धरावे, बाकीचे त्याच्यावर सोपवावे.

आता आम्ही बहुतेक सगळ्या राइडला जातो. वळणात माझा हात सुटत नाही. घाट सुरू व्हायच्या आधी मी गाडी थांबवतो, ही सीटवर पुढे सरकते, अगदी माझ्या पाठीला चिकटेपर्यंत, आणि तिच्या मागे वीतभर जागा मोकळी राहते. मग ती हळूच म्हणते, "बसा." मी तर केव्हाचाच बसलेला असतो. क्षणभर थांबून मी गिअर टाकतो.