शमूची साक्ष

शमू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या घरी चहा गाळत होतो. त्याच्या बायकोने, रूथवहिनींनी, दोनच वाक्यं सांगितली आणि फोन ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले, पण मला स्वस्थता नाही. कारण शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलात, त्याने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी तो चेष्टेवारी नेला.

"माझं गप्प राहणं हासुद्धा गर्वच होता का रे?"

गर्व करायलाही तोंड उघडावं लागतं, असं काहीतरी मी म्हणालो. तो हसला नाही...

शमुवेल खडकीचा. कॉलेजात आम्ही एकाच हॉकी संघात होतो. तो फुलबॅक, मी बहुतेक वेळा राखीव. हमखास होणारा गोल अडवला तरी सामना संपल्यावर हा कोपऱ्यात बुटांच्या नाड्या सोडत बसायचा. मीच त्याचं इतकं कौतुक करायचो की वैतागून म्हणायचा, तू पुढारी हो. एकदा त्याच्याबरोबर चर्चला गेलो. पाळकांनी विचारलं, आज साक्ष कोण देणार? मला वाटलं, कोर्टाचं काही लफडं आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात, हे त्याने मला नंतर समजावलं. तो स्वतः मात्र कधी उभा राहिला नाही. सांगण्यात 'मी' फार येतो, म्हणायचा. पुढे नोकरी सांभाळून मुलींना हॉकी शिकवली, तीही तशीच... मैदानावर पाणी मारायला सगळ्यांच्या आधी, बक्षीस समारंभाला गायब. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि, खरं सांगतो, रागही यायचा.

गेल्या रविवारी चर्चमध्ये त्याची स्मरणसभा झाली. पाळकांनी साक्ष द्यायला बोलावलं, तेव्हा निकिता उठली. ही त्याची जुनी विद्यार्थिनी, आता आयटीत आहे.

"सरांनी मला कधीच 'छान खेळलीस' म्हटलं नाही," ती म्हणाली. "मॅच झाली की माझी स्टिक घ्यायचे, मुठीवरची जुनी ग्रिपची पट्टी काढून नवी गुंडाळायचे. मला वाटायचं, माझी पकडच चुकतेय. स्टेटच्या सिलेक्शनला मी गेलेच नाही. हॉकी सोडली."

कुणी बोलावलं नसताना मी उभा राहिलो. शमू वाटेल त्याच्या स्टिकला हात लावत नसे, हे आम्हा जुन्या खेळाडूंना ठाऊक होतं. ज्याचा खेळ मनापासून आवडला, त्याचीच ग्रिप तो बदलायचा. माझी एकदाही बदलली नाही.

"अगं," मी म्हणालो, "ती शाबासकी होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग शांतपणे म्हणाली, "काका, हे एकदा बोलायला काय झालं होतं?"

रूथवहिनींनी मान खाली घातली. हॉस्पिटलात शमूने तो प्रश्न कुणाला आठवून विचारला होता ते मला तेव्हा कळलं, आणि उत्तरही... पण ते आता त्याला सांगणार कसं?

बाहेर पडताना निकिता म्हणाली, ती स्टिक अजून तिच्या कर्वेनगरच्या घरी आहे. शेवटच्या मॅचनंतर सरांनी गुंडाळलेली ग्रिप अगदी नवी आहे. त्यानंतर तिने ती हातातच धरली नाही.