पहिल्या मजल्यावरची गोधडी

हेंद्रेपाड्यातल्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये कुंदाच्या घराइतकं स्वच्छ घर दुसरं नाही, असं खुद्द कुंदाचं मत होतं आणि खोटं कशाला बोला, ते चूकही नव्हतं. गॅसच्या शेगडीखाली बोट फिरवा, काळं होणार नाही. नवरा सुजित अंबरनाथच्या कंपनीतून पाळी संपवून आला की चपला दाराबाहेर, मोजे बादलीत, मग घरात पाऊल. सासू राजाबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरून इथं राहायला आल्या त्याला चार वर्षं झाली. त्यांनाही पहिल्याच आठवड्यात सगळे नियम पाठ झाले. भिंतीला तेलाचा डाग पडेल म्हणून म्हातारी टेकूनसुद्धा बसायची नाही.

आणि अशा बाईच्या घराला वास यावा? तोही कसला, तर उंदरांच्या मुताचा!

उंदीर हे कुंदाचं म्हणणं. तिची सहावीतली लेक निशा दर वेळी तणतणायची, "आई, उंदीर नाही, गिनीपिग!" एक ठिपक्याठिपक्यांचा, त्याचं नाव बुंदी. दुसरा पिवळाधम्मक, तो शेव. फ्रिजचं दार उघडलं की कोथिंबिरीच्या आशेनं दोघं मिळून अशी शिट्टी फुंकायचे की शेजारची बाई कुकर बंद करायला धावायची. कुंदा वरून कितीही करवादली, तरी कोथिंबिरीच्या काड्या ती आताशा टाकत नव्हती. डब्यात जपून ठेवत होती.

ही जोडी आली खालच्या प्रतिभाकडून. प्रतिभा पहिल्या मजल्यावर राहायची, कुंदाच्या बरोबर खाली. तिच्या मुलानं, करणनं, उल्हासनगरच्या एका दुकानातून दोन गिनीपिग आणले. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "दोनों फीमेल है, टेन्शन मत लो," आणि अडीच महिन्यांत चार पिल्लं झाली. त्यातले दोन नर प्रतिभानं निशाला दिले. म्हणजे एकाच आईची पिल्लं, दोन वर, दोन खाली. खाणं तेच, पिंजरा त्याच मापाचा. पण वास फक्त वर.

कुंदानं काय काय नाही केलं! उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याकडून पोतं भरून लाकडाचा भुसा आणला. दिवसातून दोनदा पिंजरा फिनेलनं पुसला. कापूर जाळला. चार कोपऱ्यांना डांबरगोळ्या टांगल्या. मोगऱ्याच्या वासाचा फवारा आणला, तर घरात मोगराही दरवळायला लागला आणि मूतही. बुंदी-शेव शिंकून शिंकून हैराण झाले. कुंदानं त्यांनाच दम भरला, "शिंकताय काय मेल्यांनो? वास तुमचाच आहे!"

मग एक दिवस विरजणाचं निमित्त काढून ती खाली गेली. आधी नाक आत गेलं, मग कुंदा. प्रतिभाच्या हॉलमध्ये सोफ्यावर कालचे पेपर, खुर्चीवर न घडी केलेले कपडे, बेसिनमध्ये सकाळचे कप. आणि सोफ्याला खेटून पिंजरा, चार जनावरांचा! कुंदानं तीनदा श्वास ओढून पाहिला. काही नाही. वाळलेल्या गवताचा थोडा वास, बस. हिच्या गचाळ घराला वास नाही आणि माझ्या घराला आहे? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमच्याकडे वास कसा येत नाही हो?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

प्रतिभा जरा चाचरली. "अहो, मला काही येतंय होय त्यातलं... होतं आपोआप."

आपोआप! कुंदा विरजण घेऊन वर आली आणि त्या दिवशी दही लावलंच नाही. मनात एकच, ही बाई काहीतरी लपवतेय. नवरा कामाला दुबईत, घरात पोराशिवाय बोलायला कुणी नाही, तरी चेहरा बघावं तेव्हा हसरा. बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला बायका कुंदाच्या पुरणपोळीचं नाही, प्रतिभाच्या उसाच्या रसाचं कौतुक करतात. निशा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी खाली पळते. सगळं तिलाच! आता वाससुद्धा तिच्याकडे यायला तयार नाही.

त्यातच सुजितची बहीण आली आणि घरात पाऊल टाकताच तिनं पदर नाकाला लावला. त्यापेक्षा तोंडानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती गेल्यावर सुजित म्हणाला, "कुंदा, बास झालं. रविवारपर्यंत वास गेला नाही तर ही जोडी प्रतिभावहिनींना परत."

दुसऱ्या कुणाला दे म्हणाला असता, तरी तिनं सोसलं असतं. प्रतिभाला परत? म्हणजे बिल्डिंगभर व्हायचं की कुंदाला जमलं नाही, प्रतिभाला जमलं. निशानं तर भोकाड पसरलं. "मग मीपण रोज तिथेच बसणार! आजी नाही का जाऊन बसत?"

"आजी? कुठे जाऊन बसते?"

"खालीच. दुपारी. तू कामाला गेलीस की."

कुंदा कुळगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात चारपर्यंत असायची. राजाबाई तिला सांगायच्या, दुपारची देवळात जाते. गुरुवारी तिनं अर्धी सुट्टी टाकली आणि दोन वाजता थेट पहिल्या मजल्यावर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत तिची सासू प्रतिभाच्या भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून बसली होती. मांडीवर एक गिनीपिग, हातात लिंबाची साल, आणि त्या सालीनं ती पिंजऱ्याच्या ट्रेवरचा मुताचा पांढरा थर घासत होती. घासता घासता कसलीशी शेळीची गोष्ट सांगत होती आणि खदाखदा हसत होती. चार वर्षांत कुंदानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. प्रतिभा तिच्यासाठी चहा गाळत होती, "मावशी, साखर कमी घातलीय हां."

पण कुंदाची नजर खिळली ती पिंजऱ्यात. भुसा नव्हता, कागद नव्हता. पिंजऱ्याच्या मापाची छोटी गोधडी अंथरली होती, आणि तिच्यावरचं हिरवं लुगडं, लाल काठाचं, कुंदानं शंभरांत ओळखलं असतं. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सासूचं जुन्या लुगड्यांचं आणि गोधड्यांचं गाठोडं तिनंच बोहारणीला देऊन त्यावर झाकणाचा स्टीलचा डबा घेतला होता. गोधड्यांना वास येतो म्हणाली होती ती तेव्हा.

सासूला घेऊन वर आल्यावर तिनं दार लावलं आणि तोंड उघडलं. "ते लुगडं बोहारणीकडे गेलं होतं. खाली कसं आलं?"

राजाबाईंनी पदर सारखा केला. "बोहारीण जिना उतरत होती तवा मी मागून गेले. म्हटलं, बाय, माझं गाठोडं मला दे. ती काय आयकंना. तर प्रतिभा भायर आली. तिनं आपल्या तीन चांगल्या साड्या दिल्या तिला, न माझं गाठोडं सोडवलं."

"स्वतःच्या साड्या दिल्या?"

"व्हय गो. दोन तर कोऱ्या."

कुंदाला वाटलं होतं भांडण आपण जिंकणार. आता कुठून धरावं तेच कळेना. "मग मला सांगायचं! वर आणायचं!"

"न तू परत बोहारणीला दिलं असतंस." राजाबाई हे रागानं बोलल्या नाहीत, पाणी भरलंय असं सांगावं तसं बोलल्या. "तिच्या माळ्यावर ऱ्हायलं. मग ती जनावरं आली न ती इचारू लागली, मावशी, तुमच्या शेळ्यांच्या गोठ्याला वास येयाचा का? म्हटलं, थांब, दावते."

"आणि माझ्या घराला वास येतोय ते दिसत नव्हतं? दुसरीचं घर निस्तरायला जाता, स्वतःच्या सुनेला नाही सांगवलं?"

"सांगितलं व्हतं. पिल्लं आली त्याच दिशी. तू म्हणालीस, आई, ह्या काय तुमच्या शेळ्या नाहीत, तुम्ही यात पडू नका."

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. कुंदाला ते आठवलं आणि तिचे कान तापले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा! खरं तर तिला आता वासाचं काहीच वाटत नव्हतं. माझी सासू, माझ्या घरचं जेवते, माझ्या घरी निजते, आणि हसायला खाली जाते, एवढंच तिच्या पोटात दुखत होतं. तोंडानं मात्र तिनं विचारलं, "आता सांगाल का, कसं करायचं ते?"

राजाबाई उठल्याच. आधी त्यांनी डांबरगोळ्या तोडून टाकल्या. "इखारी वास नाकाशी बांधलास तर माणूसबी शिंकंल." मग भुसा काढायला लावला, तो तळाशी काळा पडून कुजला होता. ट्रेला लिंबू लावून थर खरवडला. तासभर नुसतं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, हे दोघं ह्याच कोपऱ्यात मुततात. गवत त्याच कोपऱ्यात ठेव, खाता खाता तिथंच करतील. कोपऱ्यात वेगळा तुकडा टाक, दिवसातून तीनदा बदल. बाकी गोधडी सकाळ-संध्याकाळ झटकायची. साध्या पाण्यात धुवायची न कडक उन्हात टाकायची. तान्ह्या पोराचं ओलं आपण काढतो का त्याच्यावर अत्तर वततो?"

कुंदानं कपाट उघडून आपली सुती साडी काढली, गेल्या पाडव्याची, एकदाच नेसलेली. खरं तर ती फाडायला तिचा जीव होत नव्हता, पण प्रतिभानं दोन कोऱ्या दिल्या होत्या ना! "घ्या. हिची करा."

राजाबाईंनी पदराचं टोक बोटांत चोळलं. "नवं कापड पाणी पीत नाय गो. हे धुवून धुवून पंधरा वरसांनी कामाला येल. गाठोडं आणाय लागंल."

म्हणजे प्रतिभाच्या दारात हात पसरायचा. कुंदा गेली. सांगताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही. प्रतिभानं माळ्यावरून गाठोडं काढलं, वरची धूळ झटकली आणि तिच्या हातात देताना विचारलं, "मावशी येतील ना पण अजून? मला आई नाही हो. त्या आल्या की बरं वाटतं." तिचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. कुंदाला तो चेहरा लगेच कळला, गेले दोन महिने तोच घेऊन ती स्वतः वावरत होती. आणि खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी फार फार बरं वाटलं. "बघू," असं म्हणून ती गाठोडं छातीशी धरून जिना चढली.

शनिवारी संध्याकाळी गोधडी पिंजऱ्यात पडली. रविवारी सुजित हॉलभर फिरला, पिंजऱ्याशी वाकला, त्यानं पडदे हुंगले. "गेला की गं वास!" निशानं बुंदीला उचलून नाचवलं. शेवनं गोधडीत तोंड खुपसून झोप काढली. जोडी राहिली. कुंदानं त्या दिवशी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे.

सोमवारी चारला ती घरी आली तर राजाबाई खिडकीशी बसून पुन्हा शिवत होत्या.

"आता कुणाची?"

"प्रतिभाची. तिची पार झिजली."

कुंदानं पर्स ठेवली, हात-पाय धुतले, चहा टाकला, आणि चहा उकळत असतानाच बाहेर येऊन ती नवी गोधडी हातात घेऊन बघू लागली. मग पिंजऱ्यातली आपली उचलून तिच्याशेजारी धरली. "हिचे टाके बारीक आहेत. माझ्या गोधडीचे लांब लांब का?"

"तुझी घाईत शिवली. रविवार व्हता ना तुझा. ही सवडीनं."

"मलाही सवडीनं शिवायची होती मग!" कुंदाचा आवाज चिरकला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. एवढी पस्तीस-छत्तीसची बाई, उंदरांच्या अंथरुणावरून रडायला आली होती. "तिला सगळं निवांत. तिला गोष्टी. तिला हसणं. मी काय परकी आहे?"

राजाबाई सुई बाजूला ठेवत म्हणाल्या, "दुसरी शिवते तुला. पण आता ह्या सुईतला दोरा सरला. खाली जाऊन ओवून आणते न मग बसते."

"खाली कशाला?"

"मला सुईचं नाक दिसत नाय गो. दोन वरसं झाली. प्रतिभाच ओवून देते."

"ही माझी शिवली तेव्हा?"

"तवाबी तिनंच. दहा सुया ओवून दिल्या, म्हणाली, कुंदाताईंचा रविवार चुकाय नको."

कुंदा उभी होती ती खाली बसली. आतमध्ये चहा उतू गेला, शेगडीवरून ओट्यावर आला, ओट्यावरून फरशीवर टपकला. ती हलली नाही. तिनं सुयांची पुडी ओढून घेतली आणि एकामागून एक सगळ्या सुया ओवल्या, एकेकीला वावभर दोरा, आणि खिडकीच्या धुतलेल्या पडद्यावर ओळीनं टोचून ठेवल्या.

"येवढा लांब दोरा गुततो," राजाबाई म्हणाल्या. "हातभरच घ्यावा. सरला की परत ओवायचा."

"मग सरला की हाक मारा."

"तू चारपर्यंत भायर असतेस."

"चारपर्यंत थांबा," कुंदा म्हणाली आणि नाक पुसून पहिल्या सुईतला दोरा दातांनी तोडू लागली. "शिवा तुम्ही तिचीही. बारीक शिवा. पण दोरा सरला की मला हाक मारायची, आई. तिला नाही."