कलकत्ता ते मुंबई, पावणेतीन तास

सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या चाळीत कुणी मेलं की बाया रडायला लागायच्या आणि पुरुष भिकनला बोलवायचे. भिकन लूमवर बॉबिन भरायचा. शिकलेला चौथीपर्यंत. पण खानदेशातल्या कुठल्याही पाड्यावरून माणूस सुरतेला कधी पोचेल, हे त्याच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नसे. पायवाट, मग एसटी, मग पॅसेंजर, सगळं तो धरायचा. त्याच्या शब्दावर आम्ही मयत ठेवायचो किंवा उचलायचो. मुलाला बापाचं तोंड दिसलं पाहिजे, एवढाच त्यामागचा धर्म.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात चाळीतले मगनबाबा सकाळी सातला गेले. एकुलता मुलगा लखन कलकत्त्याला. आमच्या लूमच्या कारखान्याच्या शेठने त्याला तिकडे नवे लूम बसवायला धाडलं होतं. शेठ स्वतः आला, नाकाला रुमाल लावून दाराबाहेरच उभा राहिला.

"लखनला प्लेनने बोलावतो. मुंबईपर्यंत सोळाशे किलोमीटर, पावणेतीन तास. हूं तो दर महिने जाउं छूं."

मगनबाबांची बायको भागीरथी भिकनकडे वळली. "भिकनदा, कितला येळ लागी?"

भिकनने बोटांवर मोजलं. पावणेतीन आकाशाचे, पाच मुंबईहून रेल्वेचे. "चारला लखन दारात. दिवस मावळायच्या आत अग्नी देऊ."

विमान सुटतं कधी, हे मात्र त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, विमान म्हणजे गावाकडची जीप; शेठचा माणूस बसला की निघाली.

चार वाजले. सहा वाजले. मयताखालच्या बर्फाच्या लाद्यांचं पाणी उंबऱ्याबाहेर आलं, त्यावर माश्या बसल्या. भिकनने पीसीओवरून शेठला फोन लावला.

"फ्लाइट सांजची आहे रे," शेठ म्हणाला. "चालतं तेवढं."

दिवस मावळल्यावर आमच्यात उचलत नाहीत. रात्र गेली. सकाळी शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. धूप घातला तर वास आणखी घट्ट झाला. मेलेली गुरं मी हातांनी ओढली आहेत, तरी त्या दिवशी गटारावर वाकून ओकलो. सोळाशे किलोमीटर म्हणे. त्या आकड्याची मला अजून किळस येते.

दहाला लखन आला. अंगात विमानात बसणाऱ्यांसारखा इस्त्रीचा शर्ट, कुणाचा तरी मागून घातलेला.

"माले मना बापनं तोंड दखू द्या."

भिकनने चादरीचं टोक मुठीत धरलं होतं. "नको, लखन. ते आता बघण्यासारखं राहिलं नाही."

"मंग मनी वाट कशाला दखी?"

भिकनने मूठ सोडली नाही. लखनने अग्नी दिला तो बांधलेल्या कापडालाच. भिकन स्मशानात आला नाही. आम्ही परतलो तेव्हा तो भागीरथीच्या खोलीत खराट्याने फरशी घासत होता. ती कधीच स्वच्छ झाली होती, तरी घासतच होता.