दारापर्यंत

बायपासनंतरच्या तिसऱ्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या खाटेवर छातीशी उशी धरून बसले होते. खोकताना, उठताना टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून ती दिलेली. चालवायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीला त्यांनी सकाळीच परत पाठवलं होतं. "काका, पडून राहिलात तर छातीत कफ साठेल," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मीच मध्ये पडलो, "आज राहू द्या, थकलेत." आमच्याकडे माया करायची म्हणजे माणसाला अंथरुणातून हलू द्यायचं नाही.

संध्याकाळी आत्या भेटून गेली. म्हणजे जायला निघाली. "येते रे दादा," ती म्हणाली आणि बाबा उठले. आल्यागेल्याला दारापर्यंत सोडायचं, ही त्यांची जन्माची सवय. डॉक्टरांनी छाती उघडली, शिवली. ही सवय मात्र त्यांच्या हाताला लागली नव्हती. मी "अहो बाबा!" म्हणेपर्यंत शेजारच्या खाटेपाशी असलेली ती फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. मला तिने नजरेनेच गप्प केलं. ओठ घट्ट मिटून, एकेक पाऊल टाकत बाबा दारापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट खुर्चीवर बसली. पाणी मागून प्यायली, घरची चौकशी केली आणि उठली.

"निघते काका. लिफ्टपर्यंत सोडायला येताय ना?"

बाबांनी उशी उचलली. मी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.